पिकअपची ट्रान्सफर केस: टॅग शोधण्यापासून चेन बदलेपर्यंत

जुनी फोर बाय फोर पिकअप बघायला गेलं की विकणारा माणूस एक गोष्ट हमखास करतो. डॅशबोर्डवरचा नॉब फिरवतो, मीटरमध्ये दिवा लागतो, आणि "बघा, फोर बाय फोर ओके हाय" म्हणून विषय संपवतो. आता तो दिवा खरं काय सांगतो तर ट्रान्सफर केसवरच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या चाकांना पण वाटून देणाऱ्या डब्यावरच्या, मोटरनं आपली जागा बदलली, बास. पुढची चाकं ओढायलीत का नाही ह्याचा त्या दिव्याला पत्ता नसतो, निदान माझ्या गाडीत तरी नव्हता.

आमची शेती कोल्हापूर-गगनबावडा रोडला, कळ्याच्या पुढं आत. पावसाळ्यात पाणंदीची काय अवस्था होते ते त्या भागातल्या माणसाला सांगायला नको, खताची पोती आणि दुधाचे कॅन न्यायचे तर साधी पिकअप मध्येच बसते आणि मग ट्रॅक्टरवाल्याच्या हातापाया पडा. म्हणून डबल कॅब, डिझेल, इलेक्ट्रिक शिफ्टवाली एक जुनी फोर बाय फोर घेतली. कंपनीचं नाव घेत नाही कारण पुढं जे निघालं त्यात गाडीचा दोष नव्हताच, सगळे दोष मागच्या मालकांच्या वापराचे आणि एक उंदराचा.

तक्रारी सुरुवातीला दोन होत्या. नॉब फोर हायला (चारी चाकं, नेहमीची गती) टाकला की कधी लागायचं कधी नुसता दिवा ब्लिंक होत राहायचा, आणि लागलं तरी चिखलात मागचीच चाकं फिरायची. गाडी शहरात एका गॅरेजला दाखवली, मिस्त्रीनं खाली डोकं सुद्धा घातलं नाही, म्हणाला केस गेली ही, भंगारातनं दुसरी आणू आणि टाकू. आकडा ऐकून मी गाडी तशीच वळवून घरी आणली. आमचा आतेभाऊ शिरोली एमआयडीसीत टर्नर आहे आणि जुन्या जीपचा त्याला भलता नाद, त्याला फोन लावला तर त्याचं पहिलं वाक्य, "दादा, आधी डबा कुठला हाय ते तरी बघ की. कंपनीनं बसवलेलाच अजून हाय का कुणी बदललाय, तुला काय म्हाईत?"

आणि हा प्रश्न बरोबर होता. आरसी बुकावर गाडीचं मॉडेल असतं, ट्रान्सफर केसचं नसतं. पंधरा वर्षं जुन्या गाडीत मधल्या कुणीतरी केस बदललेली असू शकते, आणि स्पेअरवाला तुम्हाला मॉडेल आणि साल विचारून कंपनीच्या यादीतलं सील-चेन देतो, ते बसत नाही, मग परत जा, तो म्हणणार इलेक्ट्रिकल आणि कापलेलं पाकीट परत घेत नाही.

ओळखायची सुरुवात गाडीखाली न जाताच होते. आत लिव्हर आहे का नॉब. लिव्हर असेल तर एक का दोन. जुन्या विलीज आणि महिंद्राच्या जीपला गिअर लिव्हरशेजारी दोन छोटे लिव्हर असायचे, एक पुढचा एक्सल जोडायला आणि एक हाय-लो करायला. ती स्पायसर १८, लोक डाना १८ म्हणतात. ती लांबूनच ओळखू येते: बिडाची, आत चेन नाही सगळे गिअरच, मागचा प्रोपेलर (केसमधनं एक्सलकडं जाणारा फिरता दांडा) गाडीच्या मध्यावरून न निघता एका बाजूला सरकून निघतो, आणि हँडब्रेकचा ड्रम चाकावर नसून केसच्याच मागं असतो. लो रेशो २.४६, म्हणजे लो मध्ये आत २.४६ फेऱ्या झाल्या की बाहेर एक. तिच्यात नव्वद नंबरचं गिअर ऑइल चालतं. एवढी दणकट की आतेभावाच्या मते ती बिघडत नाही, फक्त गळते.

नवीन पिकअपमध्ये बहुतेक ॲल्युमिनियमची दोन अर्ध्यांची केस असते आणि आत चेन. वरच्या शाफ्टवरनं मागचा प्रोपेलर सरळ मागं जातो, चेन ताकद खाली आणि बाजूला आणते आणि तिथनं पुढचा प्रोपेलर निघतो. इंटरनेटवर शोधाल तर निम्मे व्हिडिओ अमेरिकन पिकअपच्या न्यू प्रोसेस किंवा न्यू व्हेंचर केसवर असतात, २०८, २३१, २४१, २४२, २३३ असले नंबर. त्यातल्या २३१ पासूनच्या नव्या नंबरांची एक सोय चांगली आहे, नंबर वाचूनच केस कळते: पहिला २ म्हणजे हाय आणि लो दोन स्पीड, मधला आकडा जितका मोठा तितकी केस दणकट, शेवटचा १ असेल तर साधी पार्ट टाइम, २ असेल तर फुल टाइमची सोय, ३ असेल तर इलेक्ट्रिक शिफ्ट. मागच्या अर्ध्यावर गोल टॅग असतो त्यावर हे छापलेलं असतं. २३१ चा लो २.७२, २०८ चा २.६१, आणि बिडाची गिअरवाली जुनी २०५ असते तिचा १.९६. हे सगळं पाठ करून आपल्या गाडीखाली गेलात तर काहीच जुळणार नाही, कारण आपल्याकडच्या पिकअप आणि एसयूव्हीला त्या केस सहसा नसतातच. तरी बघण्यात फायदा हा की चेनवाल्या केसचं आतलं डोकं सगळीकडं साधारण एकच.

आपल्या इथल्या बऱ्याच गाड्यांना बॉर्गवॉर्नरच्या डिझाइनची केस असते आणि ती बनते आपल्या पुण्याच्या कंपनीत. आधी बॉर्गवॉर्नरबरोबर भागीदारीत दिवगी वॉर्नर होती, आता दिवगी टॉर्कट्रान्सफर सिस्टिम्स, २०२३ साली शेअर बाजारात पण आली. तिचा एक कारखाना आपण पुण्याला जाताना लागतो त्या शिवऱ्याला. मला हे आधी माहीत नव्हतं, टॅग शोधायला लागलो तेव्हा आतेभावानं सांगितलं.

तर टॅग. बॉर्गवॉर्नरचा टॅग म्हणजे ॲल्युमिनियमची छोटी पट्टी, मागच्या अर्ध्यावर एखाद्या बोल्टखाली अडकवलेली. माझ्या केसवर गाळ आणि तेलाचा एवढा थर होता की बोल्टच दिसत नव्हते. डिझेल आणि वायर ब्रश घेऊन बसलो, खरवडून पट्टी निघाली, नंबराचे पुढचे आकडे घासून गेलेले पण शेवटचे आकडे आणि खाली लो रेशो वाचता आला, २.४८. मोबाईलवर फोटो काढताना टॉर्च समोरनं न मारता आडवी धरायची, मग घासलेले आकडे सावलीत उठून दिसतात. पुढं केस टेबलावर आली तेव्हा हे ताडून पण बघितलं. लो मध्ये टाकून मागच्या आउटपुटची एक फेरी पूर्ण व्हायला इनपुट किती फिरवावा लागतो ते मोजायचं, खडूची खूण करून. अडीचला थोडं कमी आलं. टॅगच नसेल तर ही मोजणी, इनपुटच्या स्प्लाइनचे दात, आणि पुढचा प्रोपेलर कुठल्या बाजूला निघतो, एवढ्यावर पार्टवाल्याशी बोलता येतं.

आणि शंका खरी निघाली. केसवरच्या मोटरचा कनेक्टर आणि गाडीच्या वायरिंगचा कनेक्टर एकाच घराण्यातले नव्हते, मध्ये तीन-चार वायरी कापून टेप मारून जोडलेल्या. म्हणजे केस दुसऱ्या गाडीची.

इथं आम्ही ठरवलं की डबा शेवटी उघडायचा, बाहेरचं सगळं आधी.

ब्लिंक होणाऱ्या दिव्याचं काम मल्टिमीटरवर झालं. इलेक्ट्रिक शिफ्टमध्ये मोटरला दोन जाड वायरी असतात त्या मोटर फिरवतात, बाकीच्या बारीक वायरी मोटर कुठल्या जागेवर आहे ते कंट्रोल युनिटला सांगतात. युनिटनं हुकूम दिला आणि ठरलेल्या वेळात मोटर जागेवर पोचल्याचा निरोप आला नाही की दिवा ब्लिंक. म्हणजे मोटर मेली असं नव्हे, निरोप मेला असं पण असतं. फ्यूज बघितला, रिले बदलून बघितला, मग कनेक्टर सोडवला तर आत बारीक पिवळसर गाळ. नदीचा गाळ आपल्याला ओळखू येतो हो. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेनं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, त्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात आल्या. विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलेलं की गाडी पुरातली नाही. असंल बाबा, गाळ चालत आला असेल.

कनेक्टर साफ केला, टेपवाले जॉइंट सोल्डर केले, तरी मोटर अर्ध्या वाटेत थांबायची. मग आतेभावानं मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी मोटरच्या अर्थच्या वायरीला लावली आणि मला नॉब फिरवायला सांगितलं. फिरवला की मीटरवर जवळजवळ तीन व्होल्ट. हे शून्याच्या आसपास पाहिजे. म्हणजे अर्थिंग खराब, मोटरला बारा म्हणून निघालेले नऊच पोचतात, गरम असताना कशीबशी फिरते, ग्रीस घट्ट झालं की अडते. चॅसीवरचा अर्थचा बोल्ट खोलून पॉलिश पेपर मारला, जाड नवीन वायर टाकली. नॉब फिरवला की टक् करून दिवा पक्का. गॅरेजमध्ये ह्याच गोष्टीसाठी पूर्ण केस बदलणार होते.

कुणाला मोटर खरंच खराब आहे का बघायचं असेल तर ती केसवरून सोडवून बघा. माझ्या केसला आत शिफ्टच्या शाफ्टचं टोक त्रिकोणी होतं, मोटर त्याच्यावर बसते. मोटर बाजूला घेतली की तो शाफ्ट पान्यानं हातानं हळूच फिरवून टू हाय (फक्त मागची चाकं), फोर हाय, फोर लो (चारी चाकं, हळू पण जोरात) करता येतं. हातानं फिरतोय आणि मोटरनं नाही तर दोष मोटर-वायरिंगमध्ये, हातानं पण अडतोय तर आत काहीतरी आहे. पाणंदीत अडकल्यावर हीच युक्ती घरी पोचवते. अजून एक, फोर लो ला गाडी पूर्ण थांबवून क्लच दाबूनच टाकायचं, चालू गाडीत लो लागत नाही म्हणून तक्रार करणारे पण भेटलेत मला.

दिवा पक्का लागायला लागला पण पुढची चाकं अजून निवांतच. इथं एक साधी तपासणी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. गाडी सपाटीला, गिअरमध्ये, इंजिन बंद, मागच्या चाकांना दोन्हीकडनं दगड. नॉब टू हायवर असताना खाली जाऊन पुढचा प्रोपेलर हातानं फिरवायचा, हब (पुढची चाकं एक्सलला जोडणारे-सोडणारे कप्लिंग) सुटलेले असतील तर फिरतो. मग फोर हाय करून परत फिरवायचा. आता तो मागच्या प्रोपेलरला जोडला गेला, त्यामुळं फिरता कामा नये. माझा नाही फिरला. म्हणजे ट्रान्सफर केसनं तिचं काम केलेलं, ताकद पुढच्या हाउसिंगपर्यंत पोचतेय, पुढंच कुठंतरी सुटतेय.

पुढं हब. माझ्या गाडीचे हब व्हॅक्यूमवर लॉक होतात, डिझेल गाडीत अल्टरनेटरच्या मागं जो व्हॅक्यूम पंप ब्रेक बूस्टरसाठी असतो त्याच्यावरच. तेव्हा ही तपासणी इंजिन चालू ठेवून: न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, दगड तसेच, फोर हाय, आणि एक पुढचं चाक जॅक लावून उचललेलं, खाली घोडा, गाडीखाली कुणी नाही. चाक हातानं फिरवलं, गरगर फिरलं. लॉक असतं तर हललं नसतं. बॉनेट उघडून पाइप चाचपत गेलो तर सोलेनॉइडच्या (व्हॅक्यूम चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेच्या) पुढं रबरी पाइपाला उंदरानं दोन ठिकाणी कुरतडलेलं. उसाच्या कडेला गाडी लावणाऱ्यांना ह्याचं नवल वाटणार नाही. पाइप बदलला, दुसऱ्या दिवशी पाणंदीत गाडी चारी चाकांवर अशी निघाली की म्हातारा ट्रॅक्टरवाला पण थांबून बघत होता.

आणि तिसरी तक्रार तिथंच जन्माला आली. पुढची चाकं आता खरंच ओढायला लागली म्हटल्यावर चढाला, लोड आला की खालनं कडाड करून आवाज, गाडीला झटका, परत कडाड. आतेभाऊ शेजारी बसलेला, म्हणाला, "चेन उडी मारायलीय." सायकलची चेन सैल झाली की जोरात पायडल मारल्यावर दात सोडते, तेच.

टू हायमध्ये आवाज नाही, फोर हायमध्ये लोडवरच, ही चेनची खूण. सगळ्या गिअरला, टू हायला सुद्धा सतत घूं आवाज येत असेल तर इनपुट किंवा मागच्या आउटपुटचं बेअरिंग बघा. फोर लो मधून लिव्हर किंवा शिफ्ट आपोआप सुटत असेल तर आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) आणि त्याचे प्लॅस्टिकचे पॅड झिजलेले असतात. आणि कोरड्या डांबरावर फोर हाय टाकून वळवल्यावर गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होतं, ढकलल्यासारखं वाटतं, हा दोषच नाही. पार्ट टाइम केसमध्ये पुढचा आणि मागचा प्रोपेलर सरळ एकमेकाला बांधलेले असतात, मध्ये डिफरन्शियल नसतं, वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात तो फरक चाकं घसरूनच निघतो, डांबरावर घसरायला मिळत नाही. असं अडकून टू हाय होत नसेल तर थोडी रिव्हर्स घ्या, ताण सुटतो.

हा ताण माझ्या गाडीत सरळ रस्त्यावर पण येत होता, कारण टायर. विकताना गाडी चकचकीत दिसावी म्हणून पुढं दोन नवीन टाकलेले, मागं जुने झिजलेले. साइज एकच लिहिलेला, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. चारी टायरला सारखी हवा भरली, टायरवर आणि फरशीवर खडूची खूण करून गाडी एक फेरी ढकलली आणि टेप लावला. पुढं २२७५ मिलिमीटर, मागं २२३८. ऐकायला काहीच नाही. पण एक किलोमीटर गेलात तर पुढचं चाक ४४० फेऱ्या मारतं आणि मागचं ४४७. ह्या सात फेऱ्यांचं भांडण सगळं चेनवर. चिखलात ते घसरून मिटतं, डांबरावर चेन ताणून मिटतं. पावसात गगनबावड्याचा घाट फोर हाय लावून चढणारे लोक मला माहितीयेत, रस्ता ओला म्हणजे घसरडा एवढाच हिशोब, ओलं डांबर चेनच्या दृष्टीनं डांबरच.

मग ऑइल. खोलायच्या आधीचा एक नियम, भरायचं बूच आधी सोडायचं आणि ते सुटतंय म्हटल्यावरच खालचं बूच. खालनं सगळं सांडलं आणि वरचं बूच गंजून बसलेलं निघालं तर गाडी जागेवर उभी. तर भरायचं बूच सोडलं आणि ऑइल आपणहून बाहेर यायला लागलं, म्हणजे पातळीच्या वर भरलेलं. ह्या केसला एटीएफ लागतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला वापरतात ते लाल पातळ ऑइल, डेक्सरॉन. बाहेर आलं ते तपकिरी, जाड आणि गिअर ऑइलचा तो उग्र गंधकाचा वास. पहिला विचार हाच की कुणीतरी चुकीचं भरलंय. पण आतेभावानं मेन गिअरबॉक्सचं बूच सोडून बोट आत घातलं, बोटाला ऑइल लागेना. गिअरबॉक्स कमी आणि केस जास्त, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल मधल्या सीलमधनं केसमध्ये येतंय. आणि सील का गेलं तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरची (आतली हवा बाहेर जायच्या वाटेची) टोपी चिखलानं पक्की बंद. गरम झालं की आतली हवा फुगते, वर वाट नाही, मग सीलच्या ओठातनं ऑइल ढकलते. हे मला सगळ्यात आवडलेलं निदान, कारण नुसती चेन टाकली असती तर थोड्या महिन्यांनी परत तेच जाड ऑइल नव्या चेनवर. जाड ऑइलचा त्रास हा की चेनवाल्या केसमध्ये मागच्या शाफ्टवर छोटा ऑइल पंप असतो, तो पातळ ऑइल ओढून वरच्या बेअरिंगला पोचवतो, जाड ऑइल जाळीतनं ओढताना त्याचा जीव जातो.

केस खाली घेणं हे अंगमेहनतीचं काम, त्यात सांगण्यासारखं फार नाही. प्रोपेलरच्या फ्लँजना सोडवायच्या आधी खुणा करा म्हणजे बॅलन्स तसाच राहतो, आणि केस छातीवर घ्यायचा पराक्रम करू नका, जॅकवर पाट ठेवून उतरवा.

उघडताना दोन अर्ध्यांच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर ठोकायचा मोह होतो. तसं केलं की ॲल्युमिनियमच्या कडेला खाच पडते आणि मग कितीही सिलिकॉन पेस्ट लावा, गळणारच. कडेला टॉमी लावायला वेगळ्या जागा दिलेल्या असतात तिथंच लावायची. मागचं सर्क्लिप सोडवलं, मागचा अर्धा वर आला.

आत बघितल्यावर सगळं कळलं. चेन मधोमध बोटानं दाबली तर भरपूर ढिली, आणि केसच्या आतल्या भिंतीवर चेन घासून चकचकीत चर पडलेली. मॅग्नेटवर राखाडी मलमासारखं होतं ते चालतं, ते प्रत्येक केसमध्ये निघतं, पण त्यात ॲल्युमिनियमच्या चमकणाऱ्या कपच्या होत्या, त्या त्या चरीच्या. ॲल्युमिनियम मॅग्नेटला चिकटत नाही, मलमात अडकलेलं असतं, म्हणून मलम बोटावर घेऊन उन्हात बघायचं. पंपाच्या जाळीत फोर्कच्या पॅडचे दोन तुकडे. स्प्रॉकेटचे दात मात्र आकड्यासारखे वाकलेले नव्हते, ते वाचले. लो रेंजचे गिअर पण ठीक. पंपाच्या मागची भिंत आतेभावानं टॉर्च लावून बघितली, कारण त्या अमेरिकन २४६ आणि २६१ केसमध्ये पंपाचा कान मागच्या भिंतीवर घासून घासून टाचणीएवढं भोक पाडतो आणि चालू गाडीत तिथनं ऑइल उडून जातं, उभ्या गाडीत गळती दिसतच नाही. माझ्यात तसं काही नव्हतं.

सामानाची गोष्ट अशी. सील आणि बेअरिंगसाठी कोल्हापुरासारखं गाव नाही. एवढ्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत की उद्यमनगरात बेअरिंगवरचा नंबर दाखवला आणि सीलचा आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी सांगितली की दुकानदार मॉडेल-बिडेल विचारत पण नाही, मापाचं काढून देतो. चेन मात्र इथं मिळाली नाही. टॅगचा फोटो, चेनची रुंदी आणि कड्यांची संख्या मोजून पुण्यात नाना पेठेत पाठवलं, तिथल्या दुकानदारानं गाडीच्या मॉडेलवर बघितलं असतं तर वेगळी चेन दिली असती असं तो स्वतःच म्हणाला. फोर्कचे पॅड पण तिथूनच.

जोडताना वेळ खाल्ला तो चेननं. दोन्ही स्प्रॉकेट चेनमध्ये अडकवून एकत्रच दोन्ही शाफ्टवर उतरवावी लागतात, एक आधी एक मागनं होत नाही, चार हात पाहिजेत. पंपात आधीच थोडं एटीएफ ओतून शाफ्ट फिरवला म्हणजे पहिल्या स्टार्टला कोरडा फिरत नाही. सिलिकॉनची पातळ एकच रेघ, जास्त झालं की आत निसटतं आणि बरोबर पंपाच्या जाळीत जाऊन बसतं. गिअरबॉक्स आणि केसच्या मधलं सील बदललं, दोन्ही ब्रीदर साफ करून त्यांना लांब रबरी पाइप लावून तोंडं वर बॉनेटजवळ नेली, आता पाण्यात गाडी गेली तरी चिखल पोचत नाही. एटीएफ बुचातून ओघळेपर्यंत भरलं, गिअरबॉक्सला त्याचं नव्वद नंबर. आणि मागं दोन नवीन टायर, पुढच्याच कंपनीचे आणि त्याच पॅटर्नचे, परत टेप लावून मोजले. ह्या टायरचे पैसे चेनपेक्षा जास्त गेले. सगळं धरून दुसऱ्या केसच्या आकड्याच्या निम्म्याच्या जरा वर, टायर बाजूला ठेवले तर बरंच खाली.

पहिली ट्रायल रिकाम्या गाडीची पाणंदीतच घेतली, मग खत भरून. आवाज गेला. थोडे दिवस चालवून एटीएफ एकदा ओतून टाकलं, नवीन चेन सुरुवातीला कण सोडते म्हणून, लालच निघालं, वास नाही, मॅग्नेटवर बारीक मलम तेवढं. गिअरबॉक्सची पातळी पण जागेवर. फोर लो मध्ये बारीक शीळ येते ती आतल्या प्लॅनेटरी गिअरची, आतेभाऊ म्हणतो ती आधीपासूनची आणि तशीच राहणार. पुढच्या आउटपुटचं सील थोडं पाझरतंय, ते त्या वेळी बरं दिसलं म्हणून बदललं नव्हतं, त्याला प्रोपेलर तेवढा काढावा लागेल, साखर कारखाने बंद झाले की बघू. उंदरासाठी पाइपांवर प्लॅस्टिकची कडक नळी चढवलीय, अजून तरी कुरतडलेली नाही.